दोनाच्या जागी चार

फिरदौस मीर आमच्या मागावर तालीम वाचायचा. तालीम म्हणजे गालिच्याची नक्षी चिन्हांत लिहिलेली पट्टी. कुठल्या रंगाच्या किती गाठी, ते तिच्यावरून कळतं. तो पुकारायचा, "दोन डाळिंबी!" आम्ही तिघे गाठी मारून तेच परत ओरडायचो. अख्ख्या श्रीनगरात तसा आवाज नव्हता. कुणाला पटत नसेल तर राहू दे.

लोकरीच्या धुळीनं खाज सुटायची आणि तो डोळे चोळत बसायचा. सव्विसाव्या वर्षी बुबुळं शंकूसारखी पुढे आली, एका रेघेच्या दोन दिसू लागल्या. इस्पितळात बुबुळावरचा पापुद्रा खरवडला, पिवळे थेंब घातले, जांभळ्या प्रकाशाखाली निजवलं. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "दुखणं वाढायचं थांबेल. गेलेली नजर परत येईलच असं नाही." आम्ही पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

सहा महिन्यांनी तपासणीत बुबुळं स्थिर निघाली. त्याच्या आईनं हळदीचा पिवळा भात रांधून गल्लीभर वाटला.

मागावर मात्र दिव्याखाली रेघांना शेपट्या फुटायच्या. कडक लेन्स घातली की आत लोकरीचा कण जाऊन डोळ्यांतून धारा लागायच्या. तो दोनाच्या जागी चार पुकारू लागला. तीच नक्षी आम्ही तिसऱ्यांदा विणत होतो, हातांना पाठ होती. मीच बाकीच्यांना खुणावलं. "चार डाळिंबी!" असं ओरडून आम्ही दोनच बांधायचो.

"काका, नजर सुधारतेय बरं का!"

"दिसतंच आहे," मी म्हणायचो. माझी जीभ झडली कशी नाही!

गालिचा उतरला त्या दिवशी त्यानं तो उलटा केला आणि पाठीमागून नखानं गाठी चाचपत बसला.

"इथे मी चार पुकारलं होतं, काका."

"असेल."

"बांधल्यात दोन."

"अरे, गालिचा बरोबर उतरलाय ना?" आमचे कारखानदार उस्ताद खेकसले. "मग झालं तर!"

"बरोबरच आहे, उस्ताद. माझ्यावाचून बरोबर आहे."

मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला. उस्तादांनी नवी नक्षी दिली होती, आम्ही कधी न विणलेली. त्यानं पट्टी जवळ धरली, लांब धरली, मान तिरकी करून पाहिली. आम्ही धागे धरून थांबलो.

"तीन निळ्या," तो म्हणाला. मग हळूच, "की सहा? काका, आता तरी खरं सांगा."

काय सांगणार? आम्हा तिघांत तालीम वाचता येणारा एकही नव्हता.