अडीचमधलं टिंब

माझी मावशी औषधांच्या खोक्यात घडी करून घातलेले कागद वाचते. आपण खोकं उघडल्याबरोबर जो कागद फेकून देतो, तोच. एकतीस वर्षं ती एका छापखान्यात प्रूफरीडर आहे आणि तिथे तिला सगळे टिंबमावशी म्हणतात. स्वल्पविराम चुकला तर ती नुसती कुरकुरते, पण आकड्यातलं टिंब हललं की ताटावरून उठते. तिच्यानंतर तो कागद वाचणारा थेट रोगीच.

ती वाचते कशी ते सांगायला हवं, कारण पुढचं रामायण त्यातूनच घडलं. कागद मोठा करून वाचायचा नाही, हा तिचा नेम. तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या प्रूफरीडरने पहिल्याच दिवशी तिच्या हातातलं भिंग काढून घेतलं होतं. "रोग्याकडे भिंग नसतं," तो म्हणाला होता. "त्याला जेवढं दिसणार, तेवढ्यातच तुला चूक दिसली पाहिजे." तेव्हापासून छापून येणार त्याच मापात ती वाचते. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरते, डावीकडून उजवीकडे जाते आणि आकडे आले की पुन्हा उजवीकडून डावीकडे येते.

या वर्षी मॅनेजरने कागदी प्रूफं बंद केली. फाइल घरी येणार, ती स्क्रीनवर वाचायची आणि ओके कळवायचं. मॉनिटरसाठी छापखाना ठरावीक रक्कम देणार, वर लागले तर मावशीचे. मावशीने मला फोन केला. घरातला कॉम्प्युटरतज्ज्ञ मीच, कारण एकदा बंद पडलेला प्रिंटर माझ्या हातून चालू झाला होता. तो कसा चालू झाला हे मलाही माहीत नाही, पण तेवढ्यावर मी चार वर्षं भाव खात होतो.

दुकानदाराने त्या रकमेत बसणारे दोन मॉनिटर शेजारी ठेवले. एक सत्तावीस इंची, दुसरा चोवीस इंची. किंमत एकच.

"लहान आणि मोठा एकाच भावात कसा?" मी विचारलं.

"लहानाचं रिझोल्यूशन जास्त आहे," तो म्हणाला. "अक्षर ठिपक्यांनी बनतं ना, त्या मोठ्यात ठिपके कमी आणि जागा जास्त. म्हणजे एकेक ठिपका जाड. यात ठिपके बारीक, अक्षर रेखीव येतं. तुमचं काम काय?"

"वाचायचं," मावशी म्हणाली. "अगदी बारीक अक्षर."

"मग हा लहानच घ्या."

मावशी लहानाकडे वळलीही होती. पण गप्प बसेन तर मी कसला तज्ज्ञ? "मावशी, साठीला आलीस. डोळ्यांना मोठंच बरं. त्याच पैशात तीन इंच जास्त मिळतायत, सोडायचे कशाला?"

दुकानदाराने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही असं ठरवलं. दोन्ही पडद्यांवर मासे पोहत होते. मोठ्यावरचे मासे मोठे होते. मोठा घरी आला. मी मावशीला फाइल उघडायला आणि बंद करायला शिकवलं, चहा घेतला आणि रिकामं खोकं माझ्या तीन वर्षांच्या मुलीला खेळायला घेऊन गेलो.

दोन आठवड्यांनी ऐन दुपारी ऑफिसात मावशीचा फोन आला. "छापखान्यात जायचंय. येतोस का बरोबर?" आवाज इतका बारीक होता की मी काही न विचारता निघालो. बसथांब्यावर ती उभी होती. तिच्या मुठीत भिंग होतं. ते मी तिच्या हातात कधीच पाहिलं नव्हतं.

बसमध्ये बसल्यावर ती बोलली. सकाळी तिने लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा कागद ओके केला होता. एका वेळी अडीच मिली द्यायचं.

"जेवायला बसले आणि घास उतरेना. ते टिंब मला खरंच दिसलं, की तिथे असतं हे माहीत आहे म्हणून दिसलं, ते सांगता येईना. उठून परत बघितलं. दहादा बघितलं. दोन आणि पाचच्या मध्ये काहीतरी करडं आहे. कधी टिंब वाटतं, कधी नाही."

"मोठं करून बघायचंस ना."

"भिंग लावलं की स्क्रीनला. नुसते चौकोन दिसले."

स्क्रीनवरचं पान भिंगाने नाही, बटण दाबून मोठं करतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण, मीच ना.

"छापखान्यात फोन केलास?"

"चारदा. मॅनेजर बाहेर आहे, आणि मशीन चालू असलं की बाकीच्यांना ऐकू येत नाही." तिने भिंग या मुठीतून त्या मुठीत घेतलं. "गेले आठ दिवस सगळीच टिंबं करडी दिसतायत. आईचंही असंच सुरू झालं होतं. कोणाला सांगायचं धाडस झालं नाही."

तिची आई, म्हणजे माझी आजी, शेवटची नऊ वर्षं भिंतीला हात लावत चालायची. टिंब गेलं तर अडीचचे पंचवीस होतात, दहापट, एवढंच डोक्यात फिरत होतं. कोणाचं तरी तापलेलं पोर आणि कागद वाचून चमच्यामागून चमचा भरणारी आई डोळ्यांपुढून हलेना. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि मला ड्रायव्हरचा विनाकारण राग येत होता.

छापखान्याच्या दारातच मशीनचा आवाज आला. मावशी कोणाशी न बोलता छापलेल्या गठ्ठ्याकडे गेली, वरचा ताव ओढला आणि त्यावर भिंग ठेवलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिचे ओठ हलले. मशीनमनला ऐकू काहीच आलं नसणार, पण तिचा चेहरा बघून त्याने लाल बटण दाबलं.

"टिंब नाही," मावशी म्हणाली. एकदम शांत झालेल्या त्या जागेत ते फार मोठ्याने ऐकू आलं.

सकाळी फाइल मावशीकडे जायच्या आधीच, फॉन्ट बदलताना ते उडालं होतं. एकही कागद बाहेर गेला नव्हता, कटिंगलासुद्धा नाही. मशीनमनने हे दोनदा सांगितलं, तरी मावशीने स्वतः सगळे गठ्ठे बघितले, गेल्या दोन आठवड्यांतले बाकीचे कागदही; त्यांतली टिंबं जागेवर होती. मग ती कागदाच्या बंडलावर बसली.

"उद्यापासून मी येणार नाही," ती कॉम्प्युटरवरच्या ऑपरेटरला म्हणाली. "माझे डोळे गेले."

त्याने तिला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि तेच पान, त्याच मापात, समोर आणलं. त्याचा मॉनिटर लहानसा होता. मावशीने सवयीने ओळीखाली पट्टी धरली.

"नाहीये," ती म्हणाली. "टिंब नाहीये. स्वच्छ दिसतंय." ऑपरेटरने टिंब घातलं. "आता आहे." त्याने काढलं. "आता नाही." मग तिने चष्मा काढला, पुसला आणि पदर तोंडाला लावून ती रडली.

"घरी कुठला मॉनिटर आहे मावशी?" ऑपरेटरने विचारलं.

मी शाईचे डबे मोजू लागलो. मावशीने माझ्याकडे बघितलं. "त्याच पैशात तीन इंच जास्त होते," एवढंच ती म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात गेलो. मोठा परत घेताना दुकानदाराने पैसे कापले, ते मी दिले. मावशीने पेनड्राइव्हवर तोच कागद, आता टिंब घातलेला, नेला होता. हातभर अंतरावर खुर्ची ओढून ती पट्टी घेऊन बसली. दुकानदार सवलतीचं सांगायला लागला तसं तिने त्याला थांबवलं. "आधी टिंब दाखवा, मग किंमत सांगा." लहानावर ते दिसलं. तरी तिने तीनदा वाचलं, एकदा उजवीकडून डावीकडे.

संध्याकाळी घरी आल्यावर मी कपाटातून मुलीच्या तापाचं औषध काढलं. म्हटलं, निदान एकदा तरी आपण तो कागद वाचू. खोक्यात नुसती बाटली होती. कागद मी औषध आणलं त्याच दिवशी फेकला होता. गेल्या महिन्यात तिला ताप आला तेव्हा चमच्याने मीच औषध पाजलं होतं. किती पाजलं ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. पलीकडच्या खोलीत ती मॉनिटरच्या खोक्यात बसून मला हाका मारत होती.