मोहाखालचा काळा गोल

गडचांदूरला आमचं चष्म्याचं दुकान आहे. काचा कापणं, घासणं, फ्रेममध्ये बसवणं हे नवरा करतो. डोंगरावरची गिऱ्हाइकं माझ्याकडे असतात. जिवतीच्या बाजूला बस जिथे थांबते, तिथून पुढच्या गुड्यांकडे, म्हणजे छोट्या आदिवासी वस्त्यांकडे, मुरमाच्या नाहीतर नुसत्या दगडांच्या वाटा जातात. त्या वाटांनी मी मोटरसायकलच्या मागे चष्म्यांची पेटी बांधून जाते. तिकडून नुसत्या चष्म्यासाठी कोणी खाली उतरत नाही. सुईत दोरा जाईना झाला की बायका सुई नातीच्या हातात देतात आणि विषय तिथेच संपतो. पेटी दारात आली तर मात्र घालून बघतात आणि घेतातही.

स्कूटरचं चाक त्या दगडांत छोटं पडतं, म्हणून चाळिशीनंतर मी मोटरसायकल शिकले. हेल्मेटची काच खाली घेतली की आतून वाफ धरते, वर ठेवली तर धूळ थेट डोळ्यांत. त्यामुळे कडेला स्पंज असलेला मोठा गॉगल घेतला, माझ्या नंबरच्या चष्म्यावरून बसणारा. त्याच्या काचा बदलता येतात. वेगवेगळ्या रंगांच्या मिळतात. मी काळी निवडली. दुकानाच्या पायरीवर, भर उन्हात उभी राहून रस्त्याकडे पाहिलं, डोळ्यांना गार वाटलं, झालं. गिऱ्हाईकही असंच निवडतं. कोणी आरशात बघून, कोणी पायरीवर उभं राहून.

सपाटीवरच्या मोकळ्या रस्त्याला ती काच चांगली होती. जंगलात तिचा उपयोग नाही, हे मला मोहाच्या दिवसांत कळलं.

मोहाची फुलं पडायला लागण्याआधी लोक झाडाखालचा पाचोळा जाळून टाकतात. फुलं साफ जमिनीवर पडतात आणि वेचायला सोपी जातात. जंगल खात्याला हे आवडत नाही, तरी बरेच जण करतात. त्यामुळे त्या दिवसांत प्रत्येक मोहाखाली एक काळा गोल दिसतो. आम्हा गाडीवाल्यांना हे गोल बरे वाटतात. बाकी वाटेवर सागाची पानं घोट्याएवढी साचलेली असतात आणि त्यांच्याखाली दगड आहे की खाच, ते कळत नाही. काळ्या गोलात पाचोळाच नसतो, त्यामुळे लपलेलं काही नसतं. वाट मोहाजवळून वळत असेल तर गाडी सरळ गोलातून काढायची, ही तिकडची सगळ्यांचीच सवय.

त्या दिवशी सकाळचं ऊन चांगलं वर आलं होतं. उघड्या पठारावरून मी झाडांच्या सावलीत शिरले. पुढे मोह, त्याखाली काळा गोल. नेहमीसारखी गाडी तिकडे घातली. पुढचं चाक खाली गेलं आणि मी हँडलवरून पलीकडे पडले.

कोणीतरी घराच्या जोत्यासाठी गोलाच्या कडेचा मुरूम खणून नेला होता. खड्ड्यात राख उतरली होती, तळ काळा, काठ काळे, वर झाडाची सावली. आणि माझ्या डोळ्यांवर काळी काच.

फुलं वेचणारी एक म्हातारी टोपली ठेवून आली. तिने आधी मला बसवलं, मग चष्म्यांच्या डब्या गोळा करायला लागली. पेटी उघडली होती, सगळ्या डब्या राखेत पसरल्या होत्या.

"काऊन जी बाई, चष्मे इकता अन् सोताले दिसत नाई?"

"दिसलं मावशी. राख आहे असं वाटलं."

"राख इकडं हाय. तो गड्डा व्हय." एक डबी पदराने पुसत ती म्हणाली, "आमच्या बकऱ्याइले बी समजते."

मनगट मुरगळलं होतं आणि कोपर सोललं होतं. चष्मे सगळे शाबूत. पण माझ्या आधी बातमी बाजारात पोचली. पुढचे काही आठवडे मला प्रकृतीपेक्षा खड्ड्याबद्दल जास्त विचारलं गेलं.

नवऱ्याने मनगटाला पट्टी बांधली आणि म्हणाला, "आता बस झालं. दुकानात बस. वरची लोकं येतील खाली."

"नाही येत."

"मग जीप करून जा."

"जीप बसथांब्यापर्यंत जाते. तिथून पुढे पेटी डोक्यावर घेऊ?"

"वय काय तुझं? डोळ्यांनाही वय असते. उन्हातून सावलीत गेलं की आपल्याले आता वेळ लागते दिसायले. गिऱ्हाइकाले रोज सांगतेस ना तू?"

सांगते. ते खरंही होतं. त्याच्याशी वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी एवढंच म्हटलं की आधी काच बदलते, नाही जमलं तर वरचा फेरा बंद. ते त्याला पटलं. मलाही ते शब्द तसेच पाळायचे होते, कारण हात मोडून घरी बसण्यात मला काही मोठेपणा दिसत नाही.

नवऱ्याचं मत होतं, साधी पांढरी, बिनरंगाची काच घाल. मनगट बरं झाल्यावर ती घालून घाट चढले. सावलीत उत्तम दिसलं. पठारावर पोचले तर उघड्या मुरमावरून येणारी तिरीप अशी, की डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. उन्हात आपोआप गडद होणारी काच आम्ही दुकानात पुष्कळ विकतो. तिला सावलीत पुन्हा फिकी व्हायला काही मिनिटं लागतात. चालत्या माणसाला ते पुरतं. गाडीवर ऊन-सावली क्षणाक्षणाला बदलते आणि काच मागेच राहते.

मग सरळ विचार केला. काच जिथे वापरायची, तिथे जाऊन बघावी. दुकानात रंगांच्या नमुन्यांच्या गोल काचांची एक पिशवी असते. ती घेतली, पांढरी काच लावूनच गाडी हळूहळू चालवत त्या मोहापर्यंत गेले. ऊन-सावली तशीच मिळावी म्हणून वेळही तीच धरली.

म्हातारी होतीच. फुलं संपत आली होती, टोपली अर्धीही भरली नव्हती.

"आली का, गड्डा पाह्यले?"

"हो."

वाटेवर जिथून वळायचं, तिथे उभी राहिले आणि एकेक काच डोळ्यासमोर धरली. काळीतून राख आणि खड्डा एक झाले. निळसरमधूनही जवळजवळ तसंच. पिवळीतून सावलीतला खड्ड्याचा काठ स्वच्छ उठून दिसला, पण वळून पठाराकडे पाहिलं तर सगळं पेटल्यासारखं. हिरवीत जंगल छान दिसत होतं, वाट दिसत नव्हती. शेवटी एक काच, फिक्या चहाच्या रंगाची, थोडी गुलाबीकडे झुकणारी. तिच्यातून मुरमाचा लाल आणि राखेचा काळा वेगळे झाले आणि खड्ड्याच्या काठाला एक बारीक लाल रेघ दिसली. पठाराकडे पाहिलं, डोळे मिटावेसे वाटले नाहीत.

म्हातारीने हात पुढे केला. काच घेऊन तिने आधी खड्डा पाहिला, मग माझा चेहरा.

"बाई, तुमी त गोऱ्या झाल्या," ती म्हणाली आणि काच परत दिली.

त्या रंगाची काच मागवली. ती आल्यावर नवरा म्हणाला, मी मागे बसतो. डोंगराच्या वाटेवर तो कधीच माझ्या मागे बसला नव्हता. दुकान जावेवर सोपवून निघालो. घाटात तो कॅरिअरला धरून होता, वर चढल्यावर माझ्या खांद्याला. झाडांत शिरलो तेव्हा त्याची पकड घट्ट झाली. पुढे मोह होता. फुलं संपली होती, राखेवर नवीन पानं पडायला लागली होती, त्यामुळे काळा गोल तुटक झाला होता. खड्ड्याची लाल रेघ मला लांबूनच दिसली. गोलात न शिरता मुळांच्या बाजूने हळू गाडी काढली.

"कुठी आहे तो खड्डा?" थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं.

"मागे राहिला."

"मले तर नाई दिसला."

"तुमच्या डोळ्यांवर पांढरी काच आहे का काळी?"

"काळी. तुझीच जुनी, दुकानातल्या गॉगलात बसवली."

गुड्यावर पोचून त्याने दोन म्हाताऱ्यांचे चष्मे स्वतः बसवून दिले, नाकावर आणि कानामागे नीट टेकतील असे. परत निघताना पेटीची दोरी ओढून बघितली, सोडली आणि नव्याने बांधली, आडवी आणि मग उभी.

"पुढच्या वेळी अशी बांध," तो म्हणाला. "एकाच गाठीवर ठेवलीस म्हणून उघडली होती."

पावसाळ्यात उजेड कमी असतो, तेव्हा ती पांढरी काच पुन्हा बाहेर काढावी लागेल. धुऊन, कापडात गुंडाळून पेटीतच ठेवली आहे.