घंटाघराचा हात

पेझारोच्या बंदरालगत देर्नाचे कॉफीचे दुकान आहे. सान्ते बाल्देल्ली तिथे सकाळी लवकर येई आणि ग्वाल्तिएरो मेंगुच्ची तो निघून गेल्यावर. या वेळा कोणी ठरवून दिल्या नव्हत्या, पण पन्नासेक वर्षांत त्या कधी चुकल्या नाहीत. पूर्वी देर्नाची आई आणि नंतर देर्ना, दोघींनीही एकाचा पेला विसळल्याखेरीज दुसऱ्याचा भरला नाही.

दोघेही या शहराचे मोठे बास्केटबॉल खेळाडू. सान्ते कोळ्याचा मुलगा, बुटका आणि चपळ. संघाचा सारा खेळ त्याच्या हातून चाले. ग्वाल्तिएरो इतका उंच, की सारे गाव त्याला 'घंटाघर' म्हणे. तो इटलीच्या संघातूनही खेळला. त्या काळच्या मोठेपणाची तऱ्हाच निराळी होती. रविवारी हजारोंनी डोक्यावर घेतलेला माणूस सोमवारी मोटारसायकलींच्या कारखान्यात लेथपाशी उभा असे, आणि उशीर झाला तर फोरमनच्या शिव्या खात असे. हे दोघे शेजारशेजारच्या लेथवर होते. ग्वाल्तिएरोने काही न बोलता हात पुढे केला, की सान्ते त्यात नेमका हवा तोच पाना ठेवी.

मग मिलानच्या संघाविरुद्धचा तो सामना आला. शेवटचे क्षण, बरोबरीची गुणसंख्या, बॉल सान्तेकडे. रिंगखाली घंटाघर मोकळे उभे होते, हात वर. सान्तेने पास दिला नाही. लांबून स्वतःच बॉल फेकला आणि तो रिंगमध्ये पडला. गावाने त्याला खांद्यावर घेऊन समुद्रापर्यंत नेले. कपडे बदलण्याच्या खोलीत ग्वाल्तिएरो एवढेच म्हणाला, "पास द्यायला हवा होतास."

"अरे, जिंकलो ना लेका!"

"जिंकलो म्हणून चूक बरोबर होत नाही."

"माझं लक्ष नव्हतं तुझ्याकडे."

हरलेल्या सामन्यावरून भांडलेले खेळाडू पुष्कळ असतात. हे दोघे जिंकलेल्या सामन्यावरून अबोल झाले. सान्तेच्या मनात सलत होते ते वेगळेच: हात त्याला दिसला होता. ते कबूल करायला त्याने अनेकदा सायकल काढली आणि घंटाघराच्या गल्लीच्या तोंडाशी वळवून माघारी आणली.

अशी पन्नासेक वर्षे गेल्यावर एका शुक्रवारी सान्ते मासळीबाजारात गेला, तर 'तारली'ची गाडी बंद. या मासेविक्याला जन्मभर सगळ्यांनी तारलीच म्हटले होते. त्याचे खरे नाव विचारण्याची वेळ कोणावर आली नव्हती. शेजारच्या भिंतीवर निधनाची, काळ्या चौकटीची ताजी पत्रके चिकटवलेली होती. सान्तेचा चष्मा घरी राहिला होता. ठळक अक्षरांतले नाव मात्र त्याला वाचता आले: ग्वाल्तिएरो मेंगुच्ची.

तो गाडीच्या फळीवर टेकला. खालची बारीक अक्षरे त्याला वाचवेनात. आमच्याकडे अशा पत्रकावर नावाखाली तेवढ्याच ठळक अक्षरांत माणसाचे टोपणनाव छापतातच, नाहीतर कोण गेले ते गावाला कळायचे कसे? इथे नावालगतची ती ओळ कोरी होती. 'घंटाघर' हा शब्द त्याच्या घरच्यांनी गाळला याचा सान्तेला विलक्षण राग आला; रडू त्यानंतर आले.

या खेपेस सायकल गल्लीच्या तोंडाशी वळली नाही. वाटेत तो पुटपुटत होता. हात दिसला होता मला. त्या घटकेला तुझ्याएवढं मोठं व्हायचं होतं. मेलेल्या माणसापुढे हे बोलून काय उपयोग, हेही त्याला समजत होते.

दार ग्वाल्तिएरोनेच उघडले. अंगात काळी विजार, पायांत सपाता, गळ्यात न बांधलेला टाय.

सान्ते चौकट धरून उभा राहिला.

"काय रे, पांढराफटक पडलायस! कोण मेलं?"

"तू."

"मी? मला कोणी कळवलं नाही ते!"

"भिंतीवर लावलंय तुझं नाव!"

ग्वाल्तिएरो इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "अरे बाबा, तारली गेला. माझा चुलतभाऊ. आजोबांचं नाव दोघांनाही ठेवलेलं. त्याची लेक मिलानहून आली; तिला बापाच्या नावाखाली माशाचं नाव छापायची लाज वाटली. सकाळपासून तिघंजण फुलं घेऊन आले माझ्याकडे. एक तर मला बघून पळाला."

सान्ते पायरीवर मटकन बसला. तो हसत होता की रडत होता, हे त्याचे त्यालाही कळले नसावे.

ग्वाल्तिएरो कसाबसा त्याच्या शेजारी बसला. म्हातारपणीही त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत येत. मग तो समोर पाहत म्हणाला, "तरी पास द्यायला हवा होतास."

वाटेत घोकलेले सारे शब्द सान्तेच्या ओठांवर होते. पण समोरचा माणूस जिवंत होता, आणि जिवंत माणसाशी भांडण्याचे सुख त्याला फार दिवसांनी मिळत होते. तो म्हणाला, "तुझ्या हातून निसटला असता."

"माझ्या हातून? पाना कधी निसटला होता का रे?"

"आत्ता टाय तरी बांध. दोन हात असून जमत नाहीये तुला."

टाय अखेर सान्तेने बांधला, ओट्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून.

दुपारी बंदराच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे लोक तारलीसाठी आले होते. उरलेले घंटाघरासाठी आले होते आणि त्याला धडधाकट पाहून, बसलेल्या जागी कसे हसू नये, या विवंचनेत होते. घरून चष्मा आणि काळा कोट घेऊन यायला सान्तेला उशीर झाला. तो दाराशीच थबकला. पुढे सगळ्या पाठीच पाठी दिसत होत्या.

तेवढ्यात दुसऱ्या बाकाजवळ सगळ्या डोक्यांच्या वर एक लांब हात उभा राहिला. शेजारची जागा राखलेली होती. पाद्रीबाबा बोलता बोलता थांबले. देर्नाने वळून आधी त्या हाताकडे आणि मग दाराकडे पाहिले.

"दिसला," सान्ते मोठ्याने म्हणाला, आणि वाट काढत सरळ त्या हाताकडे निघाला. "तेव्हाही दिसला होता."

"माहीत होतं मला," ग्वाल्तिएरो सरकून जागा करत म्हणाला. "बस आता. लोक बघतायत."