डावा माझा

छडी फक्त डाव्या हातावर, असा आमच्या सरांचा नियम होता. "उजवा हात परीक्षेचा, डावा माझा," असं ते वर्गात शिरतानाच म्हणायचे. स्कॉलरशिपच्या पेपरात उत्तराचा गोल पेनानं रंगवायचा असतो, म्हणून उजव्याला जपायचं. एक गोल चुकला की एक छडी. पोरं निमूट डावा हात पुढं करायची, मग तो काखेत दाबून उजव्यानं पुढचा पेपर सोडवायची.

मी डावखुरी. पहिल्याच दिवशी मी उजवा हात पुढं केला, तर सर म्हणाले, "नियम सगळ्यास्नी एकच." मार खाऊन झाला की त्याच हातात पेन धरायचं.

हुपरीकडच्या आमच्या गावात पाचवीची स्कॉलरशिप म्हणजे जत्राच. कुणाची किती पोरं यादीत, त्यावर शाळेची इभ्रत. चित्रकलेच्या तासालासुद्धा आम्ही गोलच रंगवायचो. पालक देव पाण्यात घालून बसलेले. माझी आई घरी चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायची. आचेनं तिची बोटं डागाळली होती. "तुझ्या हाताला ह्यो चिमटा लागू द्यायचा न्हाय मला," ती म्हणायची. बाकी बाई जहाल. नळावर तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती.

परीक्षा तोंडावर आली असताना सराव पेपरात माझे बरेच गोल चुकले. त्या दिवशी सरांनी नेमही धरला नाही. निरगुडीची छडी करंगळीवर बसली आणि काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. तो सगळ्या वर्गानं ऐकला, आणि सगळ्यांनी मान खाली घालून गोल रंगवायला घेतले. संध्याकाळपर्यंत करंगळी वांग्यासारखी जांभळी झाली. आईनं हळद-चुना लावला. सकाळी पदर खोचून माझ्यासोबत शाळेत आली. मला उकळ्या फुटत होत्या. आता सरांची खैर नाही!

"सर, ही डावरी हाय. त्याच हातानं लिवती."

"वैनी, पेपर सगळ्यास्नी एकच असतोय का न्हाय? मग नियमबी एकच."

"नंबर येतोय न्हवं पण हिचा?"

"छडी थांबली तर न्हाय यायचा."

आई माझ्या बोटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग मारा." आणि निघून गेली. सरांनी लगेच मारलं. त्या दिवशी मला सरांपेक्षा तिचाच राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

परीक्षेत करंगळी वळत नव्हती. ठणका खांद्यापर्यंत जायचा. प्रत्येक गोल हा सरांचा डोळा समजून मी त्यात पेन खुपसत होते. एकही गोल चुकला नसावा, कारण जिल्ह्याच्या यादीत माझं नाव आलं.

मग काय, गुलाल, हलगी, उघडी जीप! चौकात माझ्या फोटोचा फलक, त्यात माझ्यापेक्षा सरांचा फोटो मोठा. शाळेच्या मैदानात मांडवाखाली अख्खं गाव जमलं. स्टेजवर सरांनी माझा डावा हात धरून वर उचलला. "ह्याच हातानं गावाचं नाव काढलं!" टाळ्या पडल्या. फोटोवाला खालून ओरडला, "बोटं सरळ करा की!" चार बोटं सरळ झाली. करंगळी वाकडीच राहिली. सरांनी ती चिमटीत धरली आणि फोटोसाठी ओढून सरळ केली.

मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात खारट रक्त आलं तरी दात सोडले नाहीत. हलगी थांबली. कुणीतरी माझे केस धरून मागं ओढलं. आई स्टेजवर चढली आणि तिनं माझ्या अशी कानाखाली काढली की गालावरचा गुलाल पुसून तिच्या हाताला लागला.

सर मनगट धरून हसत होते. "दम हाय पोरीत. आठवीलाबी माझ्याकडंच पाठवा."

"पाठवतो की, सर," आई म्हणाली, आणि पदरानं त्यांचं रक्त पुसू लागली.