हळू बोलायला शिकलेला भोंगा

आमच्या डेपोत तिला सगळे भोंगा म्हणायचे. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर, आणि तीही झोकात 'ओ' द्यायची. ती कंडक्टर, मी तिच्या गाडीचा ड्रायव्हर. कित्येक वर्षं आमची जोडी एकाच मार्गावर होती. मागच्या दारातून तिने "पुढे सरका!" म्हटलं की पुढची माणसंच काय, शेजारून जाणारी गाडीसुद्धा सरकायची. घंटीच्या दोरीला तिने क्वचितच हात लावला असेल. "चला!" म्हणायची आणि मी गिअर टाकायचो.

लग्न तिने केलं नाही. धाकटी बहीण, मेव्हणा आणि त्यांची जुळी पोरं, हेच तिचं घर. मुलगा पोपट, मुलगी मुंगी. नावं तिनेच पाडलेली. पोपट उठल्यापासून झोपेपर्यंत बोलायचा. मुंगी कोपऱ्यात बसून मणी ओवायची, ठोकळे रचायची. मेव्हणा शीतगृहात रात्रपाळीला असायचा आणि दिवसा झोपायचा, त्यामुळे त्या घरात सगळे कुजबुजत बोलायचे. अशा घरात पोपट म्हणजे डोक्याला ताप आणि मुंगी म्हणजे गुणाची पोर. "हिचा त्रास म्हणून नाही," असं तिची आई येईल त्याला सांगायची. मुंगी बोलायची मोजकंच, तेही अर्धंमुर्धं. मावशीला 'मावी' म्हणायची. सगळ्यांना ते लाडिक वाटायचं.

पोरं चार वर्षांची झाली आणि बालवाडीतून निरोप आला, तो पोपटाबद्दल. एका जागी बसत नाही, दुसऱ्याला विचारलं तरी उत्तर हाच देतो. एकदा बाल विकास केंद्रात दाखवून घ्या. बहीण रडायलाच बसली.

"रडतेस काय?" भोंगा म्हणाली. "दाखवून घ्या म्हणालेत, टाकून द्या नाही म्हणाले. माझ्या सुट्टीच्या दिवशी जाऊ. मुंगीलाही घेऊ, घरी कुणाजवळ ठेवायची?"

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलंय, आणि तेही इतक्यांदा की मीच तिथे होतो असं मला वाटतं.

केंद्रातली खोली लहान होती. गुडघ्याएवढं टेबल, इवल्या खुर्च्या, भिंतीला आरसा, खोक्यांत खेळणी. तपासणाऱ्या बाई चष्म्यातल्या, शांत, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. त्यांनी पोपटाला चित्रं दाखवली, ठोकळ्यांचा पूल करायला सांगितला, गोष्ट सांगून मधेच थांबल्या आणि पुढे काय झालं ते विचारलं. पोपटाने पूल केला, गोष्ट संपवली आणि वर आपली एक जोडली. बाई हसून लिहीत होत्या. मुंगी कोपऱ्यात मणी घेऊन बसली होती.

मग बाई कपाटाकडे वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मुंगी, तुला बाहुली हवी का?"

पोपटाने हात लांब करून बहिणीच्या कोपराला हात लावला. मुंगीने मान वर केली. पोपट म्हणाला, "हवी म्हणते."

बाई कपाट उघडं टाकून तशाच वळल्या. पोपटाला त्यांनी शेजारच्या खोलीत वाळूशी खेळायला पाठवलं आणि पुन्हा मुंगीच्या मागे जाऊन तिला हाक मारली. मुंगी मणी ओवत राहिली.

"लाजाळू आहे हो," भोंगा म्हणाली. "ऐकायला काही कमी नाही तिला. हे बघा. मुंगी!"

मुंगीने झटक्यात वळून पाहिलं. भोंग्याने विजयी मुद्रेने बाईंकडे बघितलं.

"आता जरा हळू हाक मारा," बाई म्हणाल्या.

भोंग्याने तिच्या मते हळू हाक मारली. बाहेरच्या बाकावरचं एक बाळ दचकून रडायला लागलं. बाईंनाही हसू आवरेना. शेवटी त्या आईला म्हणाल्या, "तुम्ही मारा. घरी मारता तशी."

आईने हाक मारली. एकदा, दोनदा. मग जरा जवळ जाऊन. पोरीच्या हातातला मणी दोऱ्यात गेला, तिने दुसरा उचलला.

"म्हणजे," आई म्हणाली, "माझी हाक हिला कधी ऐकूच आली नाही?"

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचं तोंड दिसतं तेव्हा तिला पुष्कळ कळतं. हुशार आहे ती. पण आधी कान नीट तपासू."

त्याच आठवड्यात तपासणी झाली. जाड भिंतींच्या खोलीत मुंगीच्या कानांवर हेडफोन, हातात ठोकळा, समोर बादली. आवाज आला की ठोकळा बादलीत टाकायचा. खेळ तिला भलताच आवडला. निकाल असा निघाला की दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. जाड, मोठे आवाज पोचतात, बारीक पोचत नाहीत. 'स' आणि 'श' तर तिच्यासाठी जवळजवळ नव्हतेच. मावशीची मावी का झाली ते तेव्हा कळलं. बोलणं तिच्या वयाच्या मानाने बरंच मागे होतं. दोन्ही कानांना यंत्रं लावायची, आठवड्यातून दोनदा केंद्रात यायचं आणि घरच्यांनी रोज तिच्याशी नीट बोलायचं, असं ठरलं.

"आणि पोपटाचं काय?" आईने विचारलं.

"पोपट ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "बिचारा दोघांचं काम एकटा करतोय. त्याला जरा सुट्टी द्या."

यंत्रं लागली त्या संध्याकाळी भोंगा ड्युटीवरून थेट बहिणीकडे गेली. दारातूनच तिने आनंदाने आरोळी ठोकली, "मुंगी!" पोरगी किंचाळली. दोन्ही यंत्रं ओरबाडून काढली, पलंगाखाली भिरकावली आणि आईच्या पोटात तोंड खुपसून बसली. दुसऱ्या दिवशीही मावशीला बघून तिने कानांवर हात ठेवले.

भोंगा खचेल असं मला वाटलं होतं. पण ती सरळ बाईंकडे गेली. "मला शिकवा," म्हणाली. "शिट्टी न वाजवता गर्दी आवरलीय मी. हेही जमेल."

बाईंनी शिकवलं. जवळ जायचं. खाली बसायचं. उजेड आपल्या तोंडावर हवा. साधं बोलायचं, ओरडायचं नाही, यंत्र आपलं काम करतं. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड, असं भोंगा सांगायची. "तिकिटाचे सुटे मागितले की मी कधी कुणासाठी थांबलेय का?"

मग सरावाला आमची गाडी सापडली. भोंगा हळू बोलायला लागली आणि मार्गावर हाहाकार उडाला. नेहमीचे प्रवासी विचारायचे, "घसा बसला का?" एक म्हातारे गृहस्थ औषध घेऊन आले. मला तर ती "चला" म्हणाली हे कळेचना. एका थांब्यावर आम्ही दोघंही एकमेकांची वाट बघत बसलो. प्रवासी ओरडले तेव्हा गाडी निघाली. तेव्हापासून ती घंटी वापरू लागली.

सुट्टीच्या दिवशी ती मुंगीला डेपोत आणायची. इंजिन बंद, गाडी रिकामी. मुंगी कंडक्टर, मावशी प्रवासी, मी माझ्या जागेवर. मावशी खाली वाकून विचारायची, "ही बस कुठे जाते?" आणि थांबायची. मुंगी आधी बसला नुसतं 'ब' म्हणायची. मावशी स्वतःचा हात तिच्या तोंडासमोर धरायची, 'स' म्हटला की तळव्यावर वारा लागतो ते दाखवायला. पावसाळा गेला, थंडी गेली. एक दिवस मुंगीने माझ्याकडे बोट दाखवून हुकूम सोडला, "मावशी, बस सोड म्हणावं याला." मी गाडी खरंच सुरू केली. भोंगा खिडकीतून बाहेर बघत बसली.

घरातही उलथापालथ झाली. पोपटाचा धंदा बसला. मुंगीला कुणी काही विचारलं की तो सवयीने तोंड उघडायचा आणि मुंगी त्याच्या तोंडावर हात ठेवायची. "तू गप. मी बोलणार." दोघांचं पहिलं भांडण एका लाल गाडीवरून झालं. असं कडाक्याचं की रात्रपाळी करून झोपलेला बाप उठून बाहेर आला. बायकोला वाटलं, आता हा चिडणार. तो दारात उभा राहून लेकीचं भांडण शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "चालू द्या," आणि कानात कापूस घालून झोपला.

आता दोघं पहिलीत आहेत, शेजारच्या साध्या शाळेत. मुंगीचं केंद्रात जाणं चालूच आहे. काही शब्द अजून निसटतात, गोंगाटात तिला कठीण जातं. पण ती मुकाट्याने बसत नाही. परवा तिच्या वर्गशिक्षिकेने आईला बोलावून घेतलं. आई घाबरली आणि भोंग्याला सोबत घेऊन गेली.

बाई म्हणाल्या, "मी फळ्यावर लिहीत लिहीत बोलत होते. तुमची मुलगी उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, 'बाई, फळ्याला काय सांगताय? आमच्याकडे बघून सांगा ना.'"

आई माफी मागायला लागली. बाईंनी तिला थांबवलं. "तक्रार नाही हो. आता मी आधी लिहिते, मग वळून बोलते. सगळाच वर्ग जास्त ऐकायला लागलाय. हे तिला शिकवलं कुणी, एवढंच विचारायचं होतं."

भोंगा पुढे झाली, उजेडात आली आणि शांतपणे, साध्या आवाजात म्हणाली, "कुणी नाही. तिचं तिलाच सुचलं."