पांढरं निळं

कोणी तुमच्या ओंजळीत पांढरी पूड ओतली आणि ‘निर्धास्त राहा, यात काही नाही’ म्हणालं, तर तुम्ही काय कराल? मान हलवाल. उगाच नाही म्हणू नका, मी सभांमधून तुमच्या माना बघत आले आहे.

माझी आत्या मान हलवत नाही. लग्न ठरत होतं तेव्हा तिने आतोबांना बूट काढून खोलीभर चालायला लावलं. एक टाच जाड दिसते, म्हणाली. पाय खरंच आखूड निघाला. त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं, म्हणून हिने होकार दिला. “लोकांचं लग्न होतं, माझा पंचनामा झाला,” असं आतोबा शेवटपर्यंत सांगत. ते गेल्यावर आत्या मोरचुदाच्या कारखान्यात पुड्या भरायला लागली.

मोरचूद म्हणजे ते निळे खडे, झाडांच्या बुरशीवर फवारतात ते. तिथल्या बायका त्याला मोरचूद म्हणत नाहीत, ‘निळं’ म्हणतात. निळं संपलं, निळं डोळ्यात गेलं, निळ्याने हात फुटले. हात फुटायचे म्हणूनच आम्ही संघटनेतर्फे फाटकावर धरणं धरलं आणि रबरी हातमोजे मिळवले. मुकादमाने भिंतीवर पाटीही रंगवली: ‘निळ्या मालाला हातमोजे सक्तीचे.’ बायकांना आपला शब्द भिंतीवर बघून बरं वाटलं. आत्या म्हणाली, “एवढ्या प्रेमाने लिहिलंय म्हणजे काहीतरी पाचर असणार.”

होतीच. काही महिन्यांनी पोत्यांतून पांढरी, राखेसारखी भुरभुरीत पूड आली.

“हातमोजे जमा करा,” मुकादम म्हणाला.

“का?”

“पाटी वाचा बाई. निळ्या मालाला. हा निळा आहे का?”

“मग काय आहे?”

“पांढरा.”

“पांढरं मीठ असतं, पांढरं उंदराचं औषधही असतं. नाव सांगा.”

“नाव काय करायचंय? सोयरीक जुळवताय?”

बाकीच्या हसल्या आणि हातमोजे काढून टोपलीत टाकू लागल्या. आत्याने मापाने थोडी पूड डब्याच्या झाकणावर घेतली, वास घेतला, आणि पचकन तीवर थुंकली.

थुंकी पडली तिथे निळं झालं. कडेकडेने पसरत गेलं. झाकणाला खालून बोट लावलं तर कोमट.

“तुमच्या तोंडातच काहीतरी असेल,” मुकादम म्हणाला.

“तोंडात जीभ आहे. ती तुम्हाला केव्हाची खुपतेय. तुम्ही थुंका बघू.”

मुकादमाच्या तोंडाला कोरड पडली होती. बायकांच्या नव्हती. वजनकाट्याजवळच्या दोघी थुंकल्या, मग यंत्रावरची. झाकणभर निळे डाग.

संध्याकाळी आत्या ते झाकण पदराखाली घेऊन माझ्याकडे आली. मी शाळा अर्धी सोडलेली, पण ही रसायनं मी रद्दीतल्या पुस्तकांतून स्वतः शिकले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. सांगितलं तिला. स्फटिकात तांब्याचा कण एकटा नसतो. मोरचुदात प्रत्येक कणाला पाण्याचे चार रेणू बिलगलेले असतात. पाचवा पाहुण्यासारखा, जरा अंतर राखून, शेजाऱ्यांच्या आधाराने. धातूला बिलगणाऱ्यांना लिगंड म्हणतात. निळाई एकट्या तांब्याची नाही, तांबं आणि पाण्याच्या संसाराची आहे. खडे चांगले भाजले की पाणी निघून जातं. मग तांब्याला सल्फेटच्या ऑक्सिजनवर भागवावं लागतं आणि रंग उडतो. थेंब मिळाला की ते पुन्हा पाणी धरतं, आणि त्या धरण्यात उष्णता बाहेर पडते.

“म्हणजे भाडेकरू गेले, घरमालक तोच.”

“तोच.”

“तू बघितलंस आत जाऊन?”

“पुस्तकात आहे, आत्या.”

“पुस्तक कोणी छापलं? कारखानेवाल्यांनी नसेल ना?”

माझं डोकं सटकलं. मी झाकण आपटलं. ती शांतपणे म्हणाली, “ओरडू नकोस, पुढारीणबाई. घामाने काय होतं तेवढं सांग.”

“थुंकीने झालं तेच. ती पूड तुझ्या तळव्यातलं पाणी ओढणार, तापणार आणि निळी होणार. म्हणजे निळ्याहून वाईट.”

तिने तळवे उलटे करून मांडीवर ठेवले. मला दिसू नयेत म्हणून. तरी भेगा दिसल्याच.

खडे भाजले का असतील? मोरचुदाच्या वजनात तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाणी असतं, आणि ट्रकमधून पाणी कोण वाहील? पण हा माझा संशय आहे. आत्याचा वेगळाच: “वजनाचं निमित्त. त्यांना पाटी दाखवून हातमोजे काढून घ्यायचे होते.”

आम्ही तक्रार केली. तपासणी अधिकारी येण्याच्या आदल्या दिवशी पांढरी पोती हलली. लादी धुतली. धुताना ती निळी झाली असणार, पण बघायला बाहेरचं कोणी नव्हतं. अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा काट्याजवळच्या दोघींनी आणि यंत्रावरचीने मान खाली घातली. “आम्ही काही पाहिलं नाही.” पोती परत आली, आणि त्यांतली पूड अजून उघड्या हातांनीच पुड्यांत भरली जातेय.

आणि आत्याला कामावरून काढलं. कारण काय, तर कामाच्या जागी थुंकणे.

हसू नका. तिची चूल त्या कामावर आहे. आता कामगार न्यायालयात सुनावणी आहे, आणि आमच्याकडे आहे ते एक झाकण. कारखान्याचा वकील म्हणणार, घरी रंगवलं. आत्या तर माझ्यावरही नजर ठेवून आहे: “माझे हात मोर्चात मिरवायचेत ना तुला?” मिरवायचे आहेत. लपवत नाही. पण आधी तिचं काम परत हवं आणि त्या खोलीतल्या सगळ्यांना हातमोजे.

तेव्हा त्या दिवशी झाकणावर थुंकलेल्या तिघींनो, हे कोणी वाचून दाखवत असेल तर नीट ऐका. घोषणा देऊ नका, माझ्या संघटनेत येऊ नका, मला शिव्या द्या हवं तर. फक्त सुनावणीला या आणि पांढरं काय झालं ते तुमच्या तोंडाने सांगा.