वासनिक सर आणि बुधारूचा खोकला

वर्गात कुणी "छी" म्हटलं की वासनिक सर खडू खाली ठेवायचे. "छी कोन म्हणलं? ज्याचं पोट भरून आहे, त्यालेच छी सुचते!" भिलाईच्या कॉलेजात ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत आणि सेक्टर ६ मध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत.

आमच्या क्वार्टरांना चुना मारायला खुर्सीपारच्या वस्तीतून बुधारू यायचा. एका वर्षी तो खोकून खोकून विटकरी रंगाचं थुंकू लागला. टीबी ठरला. औषधांनी गुण येईना. ठेकेदारानं कामावरून काढलं, वस्तीतल्या लोकांनी त्याला नळावर येऊ देणं बंद केलं.

सरांना वेगळाच संशय होता, फुप्फुसातल्या कृमीचा. त्याला स्कूटरवर बसवून ते एका खाजगी दवाखान्यात गेले. मी सायकलनं मागोमाग. डॉक्टर आमच्याच नागपूरकडचे.

"केकडा खाता है?"

"नहीं साहब."

"फिर चूहा-वूहा?" डॉक्टर कंपाउंडरकडे बघून हसले.

बुधारूनं मान खाली घातली. "नहीं साहब."

सर त्याला व्हरांड्यात घेऊन आले आणि त्याच्याजवळ फरशीवरच बसले. "हमने भी खाये हैं, भाई. भंडारा में. धान कटा कि बिल खोदते थे, माँ भूनती थी. तू कैसे खाता है?"

बुधारू त्याच्या छत्तीसगढीत हळूच म्हणाला, "आगी म सेंक के, गुरुजी. कच्चा रहि जाथे."

सर माझ्याकडे वळून समजावू लागले. फुप्फुसातल्या कृमीची अळी ओढ्यातल्या खेकड्यात असते. तो खेकडा उंदराच्या पोटात जातो. उंदरात अळी वाढत नाही, पण मरतही नाही. मांसात जिवंत बसून राहते. तसला उंदीर कुणी अर्धाकच्चा खाल्ला, की त्याच्या फुप्फुसात जाऊन ती मोठी होते.

सरांनी थुंकी पुन्हा तपासायला लावली. टीबीचे जंतू नव्हते, कृमीची अंडी होती.

"डॉक्टर," सर कडाडले, "रोग उंदरानं नाही लपवला, तुमच्या हसण्यानं लपवला. मानूस खोटं कावून बोलला, इचारा सोताले!"

औषधानं बुधारू बरा झाला. ठेकेदारानं मात्र त्याला परत घेतलं नाही. सर त्याच्याशीही भांडले आणि हरले. बुधारू बाजारात भाजी विकू लागला.

काही वर्षांनी सर गेले. कॉलेजातल्या शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "माणूस विद्वान, पण फार तापट."

दाराशी बुधारू उभा होता. कुणी विचारलं नव्हतं, तरी तो मोठ्यानं बोलला, "मोर उपर त कभू नइ गुसियाइन." माझ्यावर तर कधी रागावले नाहीत.